शेतावरचा सौर दिवा लवकर का विझतो?

मुरगूडच्या भोवती वेदगंगेच्या काठाने उसाची आणि भाताची शेते आहेत. शेतावर वस्त्या आहेत. कुठे गोठा आहे, कुठे राखणीचे खोपट आहे. विजेचा खांब लांब असला की तिथवर वीज नेण्याचा खर्च परवडत नाही. मग लोक छपरावर सौर पॅनेल बसवतात. कोणी त्याला प्लेट म्हणतात. उन्हापासून वीज होते. ती बॅटरीत साठते. रात्री दिवा लागतो, पंखा फिरतो, मोबाईल चार्ज होतो.

पहिले वर्ष छान जाते. मग कुरकुर सुरू होते. "पूर्वी रात्रभर दिवा चालायचा. आता नऊ वाजताच डोळे मिटतो." घरधनी बाजारात जातो. बाजारात उत्तर तयार असते, "बॅटरी गेली, नवी घ्या." नवी बॅटरी म्हणजे दहा-पंधरा हजार रुपये. कर्ज काढून ती आणली, आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच झाले, असे आम्ही अनेकांचे पाहिले आहे. दोष दुसरीकडेच असतो. तो तसाच राहतो आणि नव्या बॅटरीचेही वाटोळे करतो.

हा दोष शोधायला इंजिनिअर लागतोच असे नाही. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, लिहिता येतात. तेवढे पुरेसे आहे. मात्र एक मीटर हवा. विजेच्या दुकानात साधा मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. चार वस्त्यांनी मिळून एक घेतला तरी भागते. त्यावर आकडे इंग्रजी उमटतात. पण ज्याला मोबाईलवर नंबर लावता येतो, त्याला ते वाचता येतातच.

आधी यंत्र ओळखा

नदीवर पंप असतो. पंप पाणी उचलतो, पाणी पाइपाने हौदात पडते, हौदातून आपण लागेल तसे घेतो. सौर वीजही तशीच आहे. पॅनेल म्हणजे पंप. वायर म्हणजे पाइप. बॅटरी म्हणजे हौद. मध्ये एक लहान डबी असते, तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. तो हौदावरचा राखणदार. हौद भरला की तो आवक रोखतो. रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनेलकडे जाऊ देत नाही. शेवटी काही घरांत इन्व्हर्टर असतो. तो बॅटरीच्या विजेचे रूप बदलून घरातल्या नेहमीच्या बल्ब-पंख्याला चालेल अशी वीज देतो.

पाण्याला दाब असतो, तसा विजेला व्होल्ट. पाण्याची धार असते, तसा विजेला अँपिअर. दाब आणि धार यांचा गुणाकार केला की वॉट निघतात. एवढे ध्यानात राहिले तर पुढचे सोपे आहे.

दोन आकडे लिहा

एक वही करा. रोज दोन वेळा बॅटरीचे व्होल्ट मोजा आणि लिहा. पहिला आकडा दिवस मावळल्यावर तासाभराने घ्या. तोवर दिवे-पंखे लावू नका, म्हणजे आकडा खरा येतो. दुसरा आकडा पहाटे, सूर्य पॅनेलवर येण्यापूर्वी, सगळी बटणे बंद करून घ्या. बारा व्होल्टची पाण्याची बॅटरी असेल तर १२.६ किंवा अधिक म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

आठ दिवस असे लिहिले की वही बोलू लागते. संध्याकाळीच आकडा १२.१ येत असेल तर हौद भरतच नाही. म्हणजे जमा कमी. संध्याकाळी १२.७ आणि पहाटे ११.७ असेल तर हौद भरतो, पण रात्रीत उपसला जातो. म्हणजे खर्च जास्त, नाहीतर हौदच आक्रसला. जमेचा दोष की खर्चाचा, हे कळल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. आम्ही शाळेत जमाखर्च शिकवीत असू तेव्हा मुले कंटाळत. इथे तोच जमाखर्च दहा हजार वाचवतो.

जमा कमी पडत असेल तर

सर्वांत मोठा चोर म्हणजे सावली. लोकांना वाटते, पॅनेलच्या एका कोपऱ्यावर थोडी सावली पडली, त्यात काय बिघडले? दहावा हिस्सा झाकला तर दहावा हिस्सा वीज कमी होईल. तसे होत नाही. लहान पॅनेलवर बहुधा ३६ चौकोन असतात. ते एकापुढे एक असे माळेत जोडलेले असतात. लांब पाइपात एकाच जागी बोळा बसला तर सगळ्या पाइपाची धार मंदावते, तसे एका चौकोनावर सावली आली की सगळी माळ अडते. पॅनेलच्या मागे अशा वेळी वाट काढून देणारी सोय असते. पण ती माळेचा निम्मा भागच बाजूला टाकते. उरलेल्या निम्म्याचा दाब नऊ व्होल्टच्या आसपास राहतो. नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी भरेल काय? खालच्या हौदातले पाणी आपण होऊन वरच्या हौदात चढत नाही.

बरे, ही सावली बारा महिने नसते, म्हणून ती ध्यानात येत नाही. मुरगूड विषुववृत्ताच्या उत्तरेला सोळा-साडेसोळा अंशांवर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच असते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला झुकतो. भर दुपारीसुद्धा वीस फूट उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे सोळा-सतरा फूट पडते. सकाळ-संध्याकाळ तर कितीतरी लांब. पॅनेल बसवणारा माणूस उन्हाळ्यात येतो, जागा पाहतो, "इथे सावली नाही" म्हणतो. तो खोटे बोलत नाही. पण पौषात तिथे सावली येते.

आमच्या ओळखीच्या एका तात्यांचे असेच झाले. ते आले आणि म्हणाले, "गुरुजी, दुकानदार म्हणतोय बॅटरी गेली. घेऊ का न्हाई नवी?" आम्ही म्हणालो, "तात्या, आधी चार दिवस आकडे लिहा." संध्याकाळचा आकडा १२.१, पहाटेचा ११.६. म्हणजे जमेतच खोट. दुपारी पॅनेल पाहिले तर काच स्वच्छ, वायर नवी. तात्या गोंधळले. मग वहिनी म्हणाल्या, "दुपारी मी भाकरी घेऊन येते तवा त्या कोपऱ्यावर शेवग्याची सावली असती." तीन वर्षांत दक्षिणेचा शेवगा छपराच्या वर गेला होता. साडेअकरापासून दोनपर्यंत, म्हणजे ऐन कमाईच्या वेळी, त्याची फांदी पॅनेलच्या खालच्या ओळीवर यायची. फांद्या छाटल्या. पाच-सहा दिवसांनी संध्याकाळचा आकडा १२.६ वर गेला. बॅटरी तीच राहिली.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत एक दिवस सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत तासातासाला पॅनेलकडे पाहा. झाड, खांब, टाकी, शेजारच्या माडीची भिंत, वाळत टाकलेली गोधडी, काहीही आड येत असेल तर लिहून ठेवा. वायरीची बारीक सावलीसुद्धा थोडे नुकसान करते.

दुसरी गोष्ट तोंडाची. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. आपल्याकडे ते सपाटीपासून सोळा-सतरा अंश उचललेले चांगले. चार हात लांबीच्या पॅनेलची उत्तरेकडची कड दक्षिणेच्या कडेपेक्षा एका हाताहून थोडी जास्त उंच ठेवली की झाले. पत्र्याचा उतार उत्तरेला आहे म्हणून काही जण पॅनेल तसेच पत्र्यावर निजवतात. उतार वीस अंशांचा असेल तर डिसेंबरात भर दुपारी हाती येणारी वीज निम्म्याच्या जरा वर राहते. ज्या दिवसांत आकाश सर्वांत निरभ्र, त्याच दिवसांत निम्मी कमाई बुडते. शिवाय पॅनेल पत्र्याला चिकटवू नये. पॅनेलला ऊन हवे, पण ताप नको. ते ६० अंशांपर्यंत तापले तर वीज सुमारे सातव्या हिश्शाने घटते. खालून वीतभर तरी वारा खेळू द्या.

धुळीचे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या भागात नुसती धूळ नसते. ऊस तुटण्याच्या दिवसांत पाचट पेटवतात, गुऱ्हाळांचा धूर असतो, त्याची काजळी काचेवर बसते. ती वाऱ्याने उडत नाही. त्या महिन्यांत पंधरवड्यातून दोनदा काच धुवा. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतले तर ती तडकण्याची भीती असते. मऊ फडके आणि साधे पाणी घ्या. राख, वाळू, तारेची घासणी नको. बोअरचे पाणी खारट असेल तर पांढरे डाग राहतात, त्यापेक्षा नदीचे पाणी बरे. पक्ष्याची शीट दिसली तर मात्र पंधरवड्याची वाट पाहू नका. ती चौकोन झाकते, म्हणजे वर सांगितलेल्या सावलीचेच काम करते.

आता वायर. भर उन्हात, सांधे उघडताना काळजी घेऊन, दोन जागी व्होल्ट मोजा: कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या तोंडाशी आणि खुद्द बॅटरीच्या टोकांवर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. अर्ध्या व्होल्टाचा फरक आला तर मधला सांधा सैल आहे, गंजला आहे, नाहीतर वायर बारीक आहे. पॅनेलपासून येणारी वायर तर फारच बारीक वापरतात. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वीस मीटर नेली, तर शंभर वॉटच्या पॅनेलचे अडीच व्होल्टांहून अधिक वाटेतच मरतात. चार चौरस मिलिमीटरची घातली तर एक व्होल्टच जातो. बारीक पाइपातून लांबवर पाणी नेले तर धार कशी येते, ते शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे!

अलीकडे आणखी एक घोटाळा होतो, आणि तो अंगणात लख्ख ऊन असताना होतो. बाजारात ३३० वॉटची मोठी पॅनेले मिळतात. वॉटामागे ती स्वस्त पडतात. माणूस आनंदाने घेतो आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला साध्या कंट्रोलरमधून जोडतो. त्या पॅनेलच्या मागच्या कागदावर आकडे असतात: दाब सुमारे ३७ व्होल्ट, धार सुमारे ९ अँपिअर. गुणाकार ३३३. पण साधा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या दाबावर खाली ओढतो. बॅटरीचा दाब १३ व्होल्ट. तेरा नव्वे एकशे सतरा. ३३० वॉटचे पैसे मोजले, हाती ११७ वॉट आले. उरलेली वीज कुठे सांडत नाही, ती तयारच होत नाही. अशा पॅनेलला एमपीपीटी नावाचा कंट्रोलर लागतो. तो जास्तीचा दाब धारेत बदलून देतो. तो महाग असतो, हे खरे. पण तो नसेल तर मोठे पॅनेल घेण्यात अर्थ नाही. म्हणून खरेदीच्या वेळी पॅनेलच्या मागचा कागद वाचा. कंट्रोलरवर काय लिहिले आहे तेही वाचा. दुकानदाराला वाचायला लावू नका, स्वतः वाचा.

खर्च जास्त होत असेल तर

शंभर वॉटचे पॅनेल दिवसाला किती देते? निरभ्र दिवसांत चांगले ऊन पाच तासांचे धरा. शंभर गुणिले पाच, पाचशे. यातले तापण्यात, वायरीत, बॅटरीत तिसरा हिस्सा जातो. हाती येतात तीनशे ते साडेतीनशे. याला वॉट-तास म्हणतात. एक हजार वॉट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. म्हणजे रोजचा युनिटाचा तिसरा हिस्सा, बस्स.

आता खर्च. नऊ वॉटचे दोन बल्ब पाच तास, नव्वद. तीस वॉटचा पंखा सात तास, दोनशे दहा. झाले तीनशे. तोंडमिळवणी झाली. मग थोरल्याने टीव्ही आणला. चाळीस वॉट, तीन तास, एकशे वीस. आता रोज शंभराचे कर्ज झाले. बॅटरी चार-सहा दिवस ते फेडते, मग हात वर करते. यात यंत्राचा काही दोष नाही.

काही घरांत टीव्ही नसतो, बल्ब दोनच असतात, तरी पहाटे बॅटरी रिकामी. तिथे इन्व्हर्टर पाहा. घरातली सगळी बटणे बंद असली तरी इन्व्हर्टर स्वतः चालू असतो. दाव्याला बांधलेला बैल कामावर नसला म्हणून वैरण खायचा थांबतो का? लहान इन्व्हर्टरसुद्धा रिकामा राहून पाच ते पंधरा वॉट खातो. दहा वॉट धरले तर चोवीस तासांचे दोनशे चाळीस. म्हणजे घराच्या कमाईचा मोठा वाटा, आणि त्या बदल्यात उजेड मुळीच नाही. काम नसेल तेव्हा इन्व्हर्टरचे बटणच बंद करा. त्याहून बरे म्हणजे दिवे आणि पंखा बारा व्होल्टचे घ्यायचे आणि कंट्रोलरवरूनच चालवायचे. आमच्या मते गोठ्याला आणि खोपटाला इन्व्हर्टर लागतच नाही.

आषाढ-श्रावणाची गोष्ट निराळी. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. कमाई निम्म्यावर येते, अनेक दिवस त्याहूनही खाली जाते. तेव्हा पंखा बंद, टीव्ही बंद, एकच दिवा. पावसाळ्यातले आकडे पाहून यंत्र बिघडले म्हणू नका.

बॅटरी

बॅटरीला रिकामे राहणे सोसत नाही. ती रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि तिची साठवण कायमची घटते. म्हणून रोज निम्म्याच्या खाली उपसू नये. कंट्रोलर लाल दिवा दाखवून दिवे तोडतो, तेव्हा काही जण वायर थेट बॅटरीला लावून दिवा चालवतात. राखणदाराला बांधून ठेवून हौद उपसण्याचा हा प्रकार आहे.

दर महिन्याला पाणी पाहा. पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. कमी झाले तर बाजारात मिळणारे बॅटरीचे शुद्ध पाणीच घाला. विहिरीचे नको, नळाचे नको, आणि ॲसिड तर मुळीच घालू नका. बॅटरी भरल्यावर पाणी घाला, म्हणजे उतू जात नाही. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे लगेच घाला. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी येते. ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. मग टोके कोरडी करा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा.

हे करताना हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना एकदम लागला तर ठिणगीने भाजते. भरताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी नको, चिमणी नको, आणि खोली कोंदट नको. कंट्रोलर सोडवायचा असेल तर आधी पॅनेलची वायर काढा, मग बॅटरीची. जोडताना उलटे, आधी बॅटरी, मग पॅनेल.

आणि बॅटरी खरोखर गेली हे कसे ओळखावे? ती उन्हात दोन-तीन दिवस खर्च न करता पूर्ण भरा. मग तीन-चार तास निवू द्या. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात, एका घराचे दोन व्होल्टांच्या वर. एवढे करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला तर एक घर मेले असे समजा. बॅटरीवाल्याकडे हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते. प्रत्येक घरातले पाणी त्यात ओढून पाहायला सांगा आणि समोर उभे राहून सहाही आकडे वहीत उतरवा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ते १२४० च्या आसपास येतात. पाच घरे सारखी आणि एक चाळीस-पन्नासने खाली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, तिच्यातल्या शिशाचे पैसे वळते होतात. ॲसिड बांधावर ओतू नका.

पंपाचे वेगळे आहे

सरकारने २०२४ साली "मागेल त्याला सौर कृषी पंप" ही योजना काढली. ती महावितरणमार्फत राबवली जाते. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचे दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. या पंपाला बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पाणी. त्यामुळे ढग आला की धार बारीक होते, हा बिघाड नव्हे. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली तरी धार कमी होते. सावली, काजळी आणि तोंडाची दिशा यांचे वर सांगितलेले सगळे इथेही लागू आहे. पाणी खेचण्याच्या तोंडाशी जाळीत गाळ अडकला आहे का, तेही पाहा.

पण इथे मीटर लावायला जाऊ नका. पंपाची पॅनेले माळेत जोडलेली असतात आणि त्यांचा दाब काही शे व्होल्ट असतो. बटण बंद केले तरी, ऊन आहे तोवर, पॅनेलकडून येणारी वायर जिवंतच असते. ती जीव घेते. काच धुवा, फांदी छाटा, एवढेच तुमचे काम. छाटताना फांदी वायरीवर पडू देऊ नका. बाकीचे ज्याने बसवले त्याच्याकडून करून घ्या. या योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे. तिची कागदपत्रे वहीबरोबर एका पिशवीत ठेवा. तक्रार केली की तारीख, वेळ आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा. फोनवर कोण बोलले त्याचे नावही विचारून घ्या आणि नंबराखाली लिहून ठेवा.